हर्बर्ट चॅपमन : खाणीतला इंजिनिअर, मैदानातला इंजिनिअर

मेसमध्ये फुटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांत आकडे सुरू होतात. चार-तीन-तीन, चार-दोन-तीन-एक, तीन-पाच-दोन. कुणीतरी मिठाची डबी डिफेन्सला लावतो, लोणच्याची बरणी पुढे सरकवतो, आणि तेवढ्यात मेसवाले काका येऊन अख्खी टीम उचलून नेतात! गंमत सोडा, पण हे आकडे म्हणजे नक्की काय? कोण कुठे उभा राहणार याची यादी, एवढंच? मला विचाराल तर नाही. फॉर्मेशन म्हणजे एका माणसाची जागा बदलली की बाकी दहा जणांचं काम कसं बदलतं, त्याचा हिशेब.

हा हिशेब ज्याच्या आयुष्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो त्या माणसाचं नाव हर्बर्ट चॅपमन. आर्सेनलच्या फॅन लोकांना हे नाव पाठ असतं. पण तो शिक्षणाने मायनिंग इंजिनिअर होता, म्हणजे आपल्यापैकीच एक, हे फार कमी जणांना माहीत असतं. त्याने हल्ल्यात जाणारा एक माणूस मागे ओढला आणि त्याच्या टीमने गोलांचा पाऊस पाडला. वाचायला उलटं वाटतं ना? म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटली.

चॅपमनचा जन्म १९ जानेवारी १८७८ चा. गाव किव्हेटन पार्क, इंग्लंडमध्ये शेफिल्डजवळ. वडील कोळशाच्या खाणीत कामगार, घरात भावंडं भरपूर. अशा घरातला मुलगा सरळ खाणीत उतरायचा, तो त्या काळचा नियमच. हर्बर्टही खाणीकडेच गेला, पण वेगळ्या दाराने. शेफिल्डला जाऊन त्याने मायनिंग इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि बरीच वर्षं एकीकडे नोकरी, एकीकडे फुटबॉल असं चालू ठेवलं.

खेळाडू म्हणून तो काही फार मोठा नव्हता. ग्रिम्स्बी, स्विंडन, शेफिल्ड युनायटेड, नॉट्स काउंटी, टॉटनहॅम, नॉर्थम्प्टन अशी क्लबांची यादी मोठी, कर्तृत्व बेताचं. टॉटनहॅमला असताना तो पिवळ्या रंगाचे बूट घालायचा, हीच त्याची लोकांच्या लक्षात राहिलेली खूण! त्याचा भाऊ हॅरी शेफिल्ड वेन्सडेकडून खेळायचा आणि घरातला चांगला फुटबॉलर तोच समजला जायचा. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षापर्यंत हर्बर्ट चॅपमनचं नाव इतिहासात जाईल असं सांगणारं काहीच नव्हतं.

१९०७ साली नॉर्थम्प्टन टाउन क्लबला मॅनेजर हवा होता. ती जागा खरं तर चॅपमनच्या एका टीममेटला मिळणार होती. त्याने नकार दिला आणि चॅपमनचं नाव सुचवलं. नॉर्थम्प्टन तेव्हा सदर्न लीगच्या तळाशी होतं.

इथे त्या काळचा खेळ थोडा समजून घेऊ. तेव्हा सगळे दोन-तीन-पाच खेळायचे. मागे दोन फुल बॅक, मध्ये तीन हाफ बॅक, पुढे तब्बल पाच फॉरवर्ड. मधल्या तिघांतला मधला तो सेंटर हाफ. तो टीमचा राजा. डिफेन्सला तोच, हल्ला सुरू करायलाही तोच. आणि हल्ला म्हणजे काय, तर सगळ्यांनी पुढे जायचं आणि समोरच्याच्या गोलसमोर गर्दी करायची.

चॅपमनच्या एक गोष्ट लक्षात आली. आपली टीम पूर्ण वेळ दाबून धरते आणि तरीही हरते. का? कारण आपण जितके पुढे जातो तितके समोरचे मागे सरकतात. गोलसमोर वीस माणसं जमली की पास द्यायला फटच उरत नाही. पण आपणच थोडं मागे आलो तर समोरचे पुढे येतील, त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा तयार होईल, आणि बॉल हिसकावल्याक्षणी ती जागा आपली! आज आपण याला काउंटर अटॅक म्हणतो. १९०९ मध्ये तेच नॉर्थम्प्टन सदर्न लीगचं चॅम्पियन झालं.

१९१२ मध्ये तो लीड्स सिटीकडे गेला. तिथेही गाडी रुळावर येत होती, तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९१६ पासून चॅपमन लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापकाचं काम करत होता. युद्ध संपलं आणि एक प्रकरण बाहेर आलं. युद्धकाळात लीड्स सिटीने पाहुण्या खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिले असा आरोप झाला. क्लबने हिशेबाची वही दाखवायला नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये लीगने क्लबलाच बाहेर काढलं. लीड्समधल्या एका हॉटेलात खेळाडूंचा चक्क लिलाव झाला. आणि क्लबच्या ज्या पाच जणांवर फुटबॉलमधून कायमची बंदी आली, त्यांत चॅपमन होता.

तेव्हा त्याचं वय एक्केचाळीस. कायमची बंदी! आपल्याला एक वर्ष ड्रॉप लागला तरी जग संपल्यासारखं वाटतं. चॅपमन सेल्बी गावातल्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. १९२० च्या शेवटी तीही नोकरी गेली. मग हडर्सफील्ड टाउन या क्लबने त्याच्यासाठी रदबदली केली. मुद्दा साधा होता, ज्या काळातल्या पैशांचा आरोप होता त्या काळात तो क्लबमध्ये नव्हता, कारखान्यात होता. बंदी उठली. १९२१ मध्ये तो हडर्सफील्डचा मॅनेजर झाला.

पुढचं वाचून इंजिनिअरला आनंद व्हावा असं आहे. १९२२ मध्ये एफए कप. मग १९२३-२४ ची लीग. शेवटच्या दिवशी हडर्सफील्ड आणि कार्डिफ सिटी दोघांचे ५७ पॉइंट. तेव्हा गोलांची वजाबाकी नव्हती, भागाकार होता. केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. हडर्सफील्ड ६० भागिले ३३, कार्डिफ ६१ भागिले ३४. कॅल्क्युलेटर काढा. १.८१८ आणि १.७९४. फक्त ०.०२४ ने चॅपमनची टीम चॅम्पियन! वजाबाकी केली असती तर दोघांचे २७ च आले असते, आणि मग जास्त गोल केलेल्या कार्डिफला कप मिळाला असता. त्यातून कार्डिफने शेवटच्या मॅचमध्ये एक पेनल्टी वाया घालवली होती. पुढच्या सीझनला हडर्सफील्ड पुन्हा चॅम्पियन, आणि त्या सीझनमध्ये त्यांनी एकाही मॅचला दोनपेक्षा जास्त गोल खाल्ले नाहीत.

१९२५ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. चॅपमन लंडनच्या आर्सेनलकडे गेला, आणि ऑफसाइडचा नियम बदलला.

आर्सेनल आदल्या वर्षी बावीस टीममध्ये विसावी होती. आजच्या आर्सेनलशी तुलना करू नका, तेव्हा त्यांच्या नावावर एकही मोठा कप नव्हता. आणि नियमाचं असं झालं. आधी फॉरवर्डला पास मिळताना त्याच्या आणि गोललाइनच्या मध्ये समोरच्या टीमचे किमान तीन जण हवेत असा नियम होता. गोलकीपर धरून तीन. त्यामुळे दोन फुल बॅकपैकी एक जण मुद्दाम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवायचा, आणि चुकलंच तर दुसरा मागे असायचा. म्हणजे सापळा लावायचा तोही इन्शुरन्स काढून! गोल आटले, प्रेक्षक कंटाळले. म्हणून १९२५ मध्ये तीनचे दोन केले. आता सापळा चुकला की फॉरवर्ड आणि गोलकीपर समोरासमोर.

परिणाम लगेच दिसला. फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ ला ११९२ गोल झाले होते, १९२५-२६ ला तेवढ्याच मॅचमध्ये १७०३. नियमातला एक आकडा बदलला आणि सगळ्या इंग्लंडचे डिफेन्स उघडे पडले.

आर्सेनलचाही पडला. ३ ऑक्टोबर १९२५, न्यूकॅसलला ०-७ असा मार. टीमचा कॅप्टन चार्ली बकन, वय चौतीस, नुकताच संडरलँडहून आणलेला. त्याचा सौदाही मजेशीर होता, २००० पाउंड रोख आणि पहिल्या सीझनला प्रत्येक गोलमागे १०० पाउंड. बकनचं सुरुवातीपासून म्हणणं होतं की सेंटर हाफला मागे न्या, दोन फुल बॅकच्या मध्ये. सात गोल खाल्ल्यावर चॅपमनने ते ऐकलं. ही युक्ती जगात फक्त त्यांनाच सुचली असं नाही, तेव्हा इतरही काही क्लब हेच करून बघत होते. पण त्याचा पुढचा हिशेब पूर्ण केला तो चॅपमनने.

आता नीट बघा. सेंटर हाफ मागे गेला, डिफेन्सचं भोक बुजलं. पण मध्ये नवीन भोक पडलं! जो माणूस हल्ला सुरू करायचा तोच आता तिथे नाही. मग पाच फॉरवर्डपैकी एकाला खाली आणायला हवं. चॅपमनने अँडी नील नावाच्या खेळाडूला ते काम दिलं. तो पळायला फार वेगवान नव्हता, पण बॉल आला की तो कुठे द्यायचा हे त्याला कळायचं. दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमला त्यांच्याच मैदानावर ४-० ने हरवलं.

पुढे दुसराही इनसाइड फॉरवर्ड खाली आला आणि रचना पूर्ण झाली. कागदावर काढून बघा. पुढे तीन, त्यांच्याखाली दोन. टिंबं जोडली की इंग्रजीतला डब्ल्यू. मग दोन हाफ बॅक, त्यांच्यामागे तीन बॅक. हा झाला एम. म्हणून नाव डब्ल्यू-एम. आजच्या भाषेत तीन-दोन-दोन-तीन. मधल्या चौघांचा एक चौकोन बनतो, आणि मैदानाचा मधला भाग तो चौकोन सांभाळतो.

सेकंड इयरला थिअरी ऑफ मशीन्समध्ये इन्व्हर्जन शिकवतात ते आठवतं? लिंक त्याच, पण वेगळी लिंक फिक्स केली की मशीनच वेगळं होतं. एकाच चेनमधून एकदा इंजिन मिळतं, एकदा शेपरचं क्विक रिटर्न. मला डब्ल्यू-एम समजलं ते तिथेच. सेंटर हाफ ही आधी सगळ्यात जास्त हलणारी लिंक होती. चॅपमनने तीच फिक्स केली. अकरा जण तेच, पण बाकीच्या लिंकची हालचाल बदलली आणि हल्ला वेगळाच झाला.

कसा वेगळा? पूर्वी बॉल मधून पायऱ्या-पायऱ्यांनी पुढे जायचा, आणि विंगर लाइनच्या कडेने धावत कोपऱ्यापर्यंत जाऊन क्रॉस टाकायचा. आता टीमचे बरेच लोक मागे. समोरची टीम आपोआप वर यायची. बॉल हिसकावला की तो खाली आलेल्या इनसाइड फॉरवर्डकडे, आणि तिथून एकच लांब पास, थेट मोकळ्या जागेत पळणाऱ्या विंगरकडे. आणि विंगरने कोपऱ्यात जायचं नाही, आत वळून गोलकडेच जायचं. दोन-तीन पासमध्ये एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत. नॉर्थम्प्टनला सुचलेली गोष्ट आता पूर्ण ड्रॉइंगसकट तयार होती.

पण ड्रॉइंग तयार झालं म्हणजे मशीन चालतं असं नाही, हे वर्कशॉपमध्ये जॉब घासणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येक जागेला बसणारा पार्ट हवा. पहिल्या सीझनला आर्सेनल दुसरी आली, मग अकरावी, दहावी, नववी. १९२७ च्या एफए कप फायनलला गोलकीपरच्या हातून बॉल निसटला आणि कप गेला. चॅपमनने आधीच सांगून ठेवलं होतं की पाच वर्षं लागतील. तो पार्ट गोळा करत राहिला. मागच्या मधल्या जागेसाठी ऑस्वेस्ट्री नावाच्या छोट्या क्लबमधून हर्बी रॉबर्ट्स आणला, फक्त २०० पाउंडांत. रॉबर्ट्स कलाकार नव्हता, पण नेमलेली जागा सोडायचा नाही. उजव्या विंगला ज्यो ह्यूम, धावण्यात वारा. १९२८ मध्ये डेव्हिड जॅकसाठी दहा हजार पाउंडांवर रक्कम मोजली, तेव्हाचा जागतिक विक्रम. १९२९ मध्ये एक्झेटरहून सतरा वर्षांचा क्लिफ बास्टिन आणला आणि डाव्या विंगला टाकला.

आणि सगळ्यात महत्त्वाचा पार्ट, अ‍ॅलेक्स जेम्स. ढगळ हाफ पँट घालणारा बुटका स्कॉटिश खेळाडू. १९२८ मध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ हरवलं, त्यात याचे दोन गोल होते. प्रेस्टनकडून खेळताना गोल करणं हेच याचं नाव. चॅपमनने त्याला सांगितलं की गोल करायचे नाहीत, खाली यायचं आणि पास द्यायचे. विचार करा, क्लासमधल्या टॉपरला सांगायचं की तू पेपर लिहू नकोस, दुसऱ्यांना शिकव! जेम्सला हे पचायला वेळ लागला. पहिले काही महिने तो चाचपडतच होता. पण एकदा बसल्यावर सगळी टीम त्याच्या पायातून सुटायला लागली. आर्सेनलसाठी त्याने स्वतः फार थोडे गोल केले, आणि तरीही ती टीम त्याच्याशिवाय चालत नसे.

१९३० मध्ये एफए कप. फायनलला समोर कोण? चॅपमनचंच जुनं हडर्सफील्ड! २-० ने जिंकले, आणि पहिला गोल जेम्सचाच. १९३०-३१ ला लीग जिंकली, ४२ मॅचमध्ये १२७ गोल, हार फक्त चार वेळा. १९३२-३३ ला पुन्हा चॅम्पियन, ११८ गोल. त्यातले ३३ बास्टिनचे आणि २० ह्यूमचे. म्हणजे दोन विंगरचे मिळून ५३! ज्यांनी कडेने पळून क्रॉस टाकायचे ते स्वतः गोल करत होते. जेम्सचे पास, रॉबर्ट्सची जागा आणि विंगरचे गोल ही एकाच गणिताची तीन टोकं आहेत.

टीका झाली नाही असं नाही. मॅचभर समोरची टीम दाबून धरायची आणि जिंकायची आर्सेनल, म्हणून लोक त्यांना नशीबवान आर्सेनल म्हणून चिडवायचे. काहींना हा खेळ नीरस वाटायचा. टीकेत तथ्यही होतं. बाकीच्या क्लबांनी डब्ल्यू-एमची कॉपी केली, पण कशी? सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उतरवतात तशी. सेंटर हाफला मागे नेलं, पण अ‍ॅलेक्स जेम्स कुठून आणणार? मग उरला फक्त आडदांड डिफेन्स. खेळातला तो जुना राजा, हल्ला रचणारा सेंटर हाफ, इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसा झाला. एवढी किंमत खेळाने मोजली. आणि चॅपमनचं मशीनही अजिंक्य नव्हतं. जानेवारी १९३३ मध्ये खालच्या डिव्हिजनच्या वॉल्सॉलने त्यांना एफए कपमधून ०-२ असं बाहेर काढलं.

डब्ल्यू-एम सोडूनही या माणसाच्या डोक्यात सतत काहीतरी चालू असायचं. २५ ऑगस्ट १९२८ ला त्याने आर्सेनलला पाठीवर नंबर लावून खेळवलं. रात्रीच्या मॅचसाठी दिवे हवेत असा आग्रह धरला. इंग्लंडच्या लीगने दिव्यांना परवानगी दिली ती दोन दशकांनंतर. लाल जर्सीला पांढऱ्या बाह्या त्याच्याच काळातल्या. मैदानाजवळच्या गिलेस्पी रोड या ट्यूब स्टेशनचं नाव १९३२ मध्ये आर्सेनल करून घेतलं. तिकिटं, नकाशे, पाट्या सगळं बदलायला लावलं! आणि दर आठवड्याला तो खेळाडूंना बसवून मॅचवर चर्चा करायचा, त्यात खेळाडूंनी बोलायचं. बकनचं ऐकून सुरू झालेली गोष्ट त्याने पुढे पद्धतच करून टाकली.

१९३४ चं नवीन वर्ष. आर्सेनल लीगमध्ये टॉपला. चॅपमन दुसऱ्या टीमच्या मॅच बघत फिरत होता, थंडीत सर्दी झाली. तरी घरी न थांबता आपल्याच क्लबच्या थर्ड टीमची मॅच बघायला गेला. सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारी १९३४ ला पहाटे तो गेला. छप्पन्न पूर्ण व्हायला तेरा दिवस बाकी होते. मशीन मात्र चालू राहिलं. ती लीग आर्सेनलने जिंकली आणि पुढचीही, म्हणजे सलग तीन. त्याचा पुतळा २०११ पासून आर्सेनलच्या नव्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

गोष्टीचं शेपूट अजून बाकी आहे. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. इंग्लंड अजूनही डब्ल्यू-एमच खेळत होतं. हंगेरीने आपला सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी याला पुढे न ठेवता खाली खेळवलं. इंग्लंडच्या सेंटर हाफसमोर प्रश्न पडला. त्याच्या मागे जावं तर पाठीमागे भगदाड, जागेवर थांबावं तर तो मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल मारले, हंगेरी ६-३ ने जिंकली. एका माणसाला मागे ओढण्याची चॅपमनचीच युक्ती, यावेळी त्याच्याच रचनेवर उलटली! त्याने १९२५ चा प्रश्न सोडवला होता. मागच्यांनी उत्तर पाठ केलं, पण प्रश्न बदललाय का हे बघितलं नाही.

आपल्या इंटर-ब्रँच मॅचमध्ये एक गोल मागे पडलो की बाहेरून एकच आरडाओरडा होतो, सगळे पुढे जा! मग समोरच्या गोलपुढे सतरा जण, बॉल कुणाच्याच पायात नाही, आणि मागे आपला गोलकीपर एकटा. कॅप्टन लोकांनो, पुढच्या वेळी एक करून बघा. दोघांना मागे बोलवा. समोरचे वर येऊ देत. आणि ज्याचा पास सगळ्यात चांगला आहे, त्याला गोल करायच्या कामातून मोकळं करा. तो थोडा रुसेल. अ‍ॅलेक्स जेम्सही रुसला होता.